वस्तू क्रमांक ४०७

सोमवार, ३ मार्च

चार आठवडे. फक्त चार आठवडे. हे मी नवऱ्याला सांगितलं, सासूबाईंना सांगितलं, अण्णांना तर दोनदा सांगितलं. आता इथेही लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणी शब्द फिरवायला नको.

अण्णा म्हणजे माझे सासरे. त्यांच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी महिनाभर वाचन बंद, संगणक बंद, काळा चष्मा चालू, असं फर्मान काढलं. आणि नेमकं याच महिन्यात त्यांच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाला, म्हणजे घरसामान आयात करणाऱ्या कंपनीला, नवी संगणक यंत्रणा आणायची हुक्की आली. त्यांच्या अकराशे चाळीस वस्तू एकतीस तारखेच्या आत तिच्यात भरायच्या. प्रत्येकीचा कस्टमचा क्रमांक, आणि तोच का, याचं कारण दोन ओळींत. नाही जमलं तर काम दुसऱ्याला. अण्णांचं दोन खोल्यांचं ऑफिस या एका गिऱ्हाइकावर चालतं. ते गेलं की कुलूप.

घरात रिकामे हात माझेच. माझं वाचनालय जानेवारीत बंद पडलं. नवरा दातांचा डॉक्टर, त्याला बापाच्या धंद्यातलं ओ की ठो कळत नाही. तेव्हा मी.

मंगळवार, ४ मार्च

आजवर मला वाटायचं, अण्णा ऑफिसात फॉर्म भरतात. ते तसं नाही. जगात विकली जाणारी प्रत्येक वस्तू, सुईपासून जहाजापर्यंत, सत्त्याण्णव प्रकरणांच्या एका यादीत कुठेतरी बसते आणि तिला एक क्रमांक मिळतो. त्यावरून तिची जकात ठरते. क्रमांक चुकला की माल बंदरात अडकतो आणि माणसं घाम पुसत बसतात. अण्णा हे क्रमांक ठरवतात. चौतीस वर्षांत त्यांनी दिलेला एकही क्रमांक कस्टमने फिरवलेला नाही. हे वाक्य मी लग्नाच्या बैठकीत पहिल्यांदा ऐकलं आणि त्यानंतर किती वेळा, ते मोजलेलं नाही.

ऑफिसच्या आतल्या खोलीत भिंतभर कपाटं आहेत आणि त्यांत सगळ्या वस्तूंचे नमुने. झारे, दिवे, साबणदाण्या, घडीचे स्टूल, पायपुसणी. अण्णा काळा चष्मा लावून मध्ये खुर्चीत बसले आणि म्हणाले, "एकेक हातात दे. हातात घेतल्याशिवाय क्रमांक द्यायचा नाही. नावावर जाऊ नकोस, नाव विकणाऱ्याने ठेवलेलं असतं."

पहिलंच आलं प्लास्टिकचं पिवळं बदक, पोटात तापमापक. बाळाच्या आंघोळीच्या पाण्यात सोडायचं. मी म्हटलं, खेळणं. अण्णांनी ते चाचपलं, पोट दाबलं.

"नुसती बदकं निम्म्या किमतीत मिळतात, सूनबाई. मग हे का घेतात लोक?"

"आकडा बघायला."

"मग ते तापमापक. चोच हौसेची."

मला इतकं हसू आलं! आणि खरं सांगायचं तर पटलंही. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर वाघ असला म्हणून मी ते शिकारीच्या कपाटात ठेवत नव्हते.

दुपारी बारा वाजता अण्णांनी बाटलीतून चहा ओतला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "तुझ्या सासूबाई. चहा उकळायचा कंटाळा. रोज कोमट."

दिवसात बावीस वस्तू झाल्या. या वेगाने एकतीस तारीख गाठायची म्हणजे वरातीमागून घोडं.

गुरुवार, ६ मार्च

कंपनीचा यंत्रणेवाला माणूस आला. चौकोनी चष्मा, चौकोनी बॅग, बोलणंही चौकोनी. मी मनात त्याचं नाव चौकोनी ठेवलं. वाईट नाही तसा.

त्याची यंत्रणा वस्तूचं वर्णन वाचते आणि क्रमांक स्वतः सुचवते. वर खात्री किती, तेही टक्क्यांत सांगते. अंघोळीच्या बदकाला तिने ब्याण्णव टक्के खात्रीने खेळणं ठरवलं.

अण्णा म्हणाले, "ब्याण्णव टक्के म्हणजे काय? तुम्ही मुलगी बघायला गेलात आणि ती म्हणाली, मी ब्याण्णव टक्के तयार आहे, तर हार घालाल का?"

चौकोनी लाल झाला. त्याचं लग्न ठरलेलं नसावं. पण माणूस शहाणा, वाद घातला नाही. "म्हणून तर कारण लिहायला सांगतोय, काका. यंत्रणेचं चुकलं तर तुम्ही फिरवा, पण का फिरवलं ते लिहा."

अण्णांची अडचण मला आज कळली. त्यांना क्रमांक सगळे पाठ आहेत. कारणं कधी लिहिलेलीच नाहीत. विचारलं तर म्हणतात, "अगं, ते तर उघड आहे." मग मी उघड म्हणजे कसं, ते विचारत बसते, आणि अर्ध्या तासाने दोन ओळी निघतात. पण निघतात त्या मात्र सुरेख. आजच्या सत्तर झाल्या.

सोमवार, १० मार्च

तीनशे साठ. हात बसलाय.

आज कळलं की सत्त्याण्णव प्रकरणांतलं एक, सत्त्याहत्तरावं, कोरं आहे. पुढेमागे लागेल म्हणून राखून ठेवलंय. जगाच्या सगळ्या सामानाच्या यादीत एक फळी मोकळी! ज्याने ठेवली त्याला मी भेटले असते तर चहा पाजला असता. नवऱ्याला जेवताना हे सांगितलं. तो म्हणाला, "बरं." माणसाने एवढंही कोरडं असू नये.

एका शाळेच्या वाचनालयात जागा निघाली आहे, अर्ज टाकला. शुक्रवारी मुलाखत.

बुधवार, १२ मार्च

आज यंत्रणेला चारी मुंड्या चीत केलं, म्हणून हे सविस्तर लिहिते.

वस्तू क्रमांक ४०७. पोलादी थर्मास, एक लिटर. ही कंपनीची लाडकी वस्तू, वर्षाला शेकडो पेट्या येतात. थर्मास म्हणजे दोन भिंतींची बाटली, मधली हवा काढून घेतलेली. तिला यादीत स्वतःची वेगळी जागा आहे. यंत्रणा म्हणाली, साधं पोलादी घरगुती भांडं. खात्री एकसष्ट टक्के. वर पुरवठादाराने पाठवलेलं वर्णन दाखवलं: "दुहेरी भिंतीची, उष्णता टिकवणारी पोलादी बाटली."

मी कपाटाकडे निघाले, तर अण्णा म्हणाले, "चारशे सात ना? ती काढू नकोस, तिला मी नऊ वर्षांपूर्वी क्रमांक दिलाय. थर्मास आहे. हा बघ." आणि टेबलावरच्या आपल्या बाटलीवर टिचकी मारली. तीही कंपनीचीच, चारशे सात.

मी झोकात लिहिलं: "हवा काढलेल्या दुहेरी भिंतीचा थर्मास. यंत्रणेची सूचना अमान्य." एकसष्ट टक्के! जेमतेम पहिला वर्ग, आणि निघाली अण्णांना शिकवायला.

मग अण्णांनी त्याच बाटलीतून चहा ओतला. कोमट. सासूबाईंचा उद्धार झाला. मी बाई मध्ये पडले नाही, नवराबायकोच्या भांडणात सून पडली की दोघं एक होतात.

शुक्रवार, १४ मार्च

मुलाखत झाली. मुख्याध्यापिकांनी विचारलं, सध्या काय करता? मी सांगितलं. त्यांनी सभ्यपणे विचारलं, म्हणजे नेमकं काय? मग मी त्यांना मिरपूड दळायच्या चक्कीबद्दल सांगितलं. मीठ शिंपडायची डबी काचेची असेल तर काचसामान, पण शेजारची मिऱ्याची डबी दळते, तिला दाते असतात, म्हणून ती हाताने चालणारं यंत्र. दोघी एकाच खोक्यात जोडीने आल्या तर मात्र खरी गंमत. बोलता बोलता वीस मिनिटं गेली. पुस्तकांचा विषय राहूनच गेला.

नोकरी काही मिळत नाही. जाऊ दे. दुपारी ऑफिस गाठलं आणि चाळीस वस्तू केल्या.

मंगळवार, १८ मार्च

घरात युद्ध.

सकाळी अण्णा डबा उचलताना म्हणाले, "आज तरी जरा उकळ." सासूबाईंनी हातातली सांडशी ओट्यावर आपटली. "तीन वर्षं ऐकतेय. आज सूनबाईसमोर होऊन जाऊ दे."

त्यांनी बाटली आधी उकळत्या पाण्याने विसळली. चहा उतू जाईपर्यंत उकळला. माझ्यासमोर ओतला, माझ्यासमोर झाकण आवळलं, आणि बाटली अण्णांना न देता माझ्या हातात दिली. "वाटेत उघडू देऊ नकोस. आणि बारा वाजता काय ते मला फोन करून सांग."

मी ती कुशीत धरून नेली. बाटली बाहेरून छान ऊबदार लागत होती, सकाळच्या गारव्यात बरं वाटलं. बारा वाजता उघडली. चहा कोमट.

अण्णा विजयी चेहऱ्याने म्हणाले, "बघ."

मी फोन नाही केला. सासूबाईंना काय सांगणार? उकळताना तर मी डोळ्यांनी बघितलं होतं. बाई जादू करते की काय?

बुधवार, १९ मार्च

मी मूर्ख आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आज सकाळी दात घासताना लक्षात आलं. बाटली बाहेरून ऊबदार होती. थर्मास बाहेरून ऊबदार लागतो का कधी? आतली ऊब बाहेर येऊ नये म्हणून तर मधली हवा काढतात!

अण्णा डोळे तपासायला गेले होते, ऑफिसात मी एकटी. कपाटातून चारशे सातचा नऊ वर्षांपूर्वीचा पहिला नमुना काढला, अण्णांच्या अक्षरात चिठ्ठी लावलेला. शेजारी अण्णांची बाटली. दिसायला जुळ्या बहिणी. दोन्हींत उकळतं पाणी भरलं आणि स्वयंपाकाचा तापमापक, वस्तू क्रमांक ६१२, कामाला लावला. तीन तासांनी जुन्या बाटलीतल्या पाण्याने जीभ पोळली. अण्णांच्या बाटलीतल्या पाण्यात मी खुशाल बोट बुडवून बसले.

मग खालच्या नळवाल्याकडून लोखंड कापायची करवत आणली आणि अण्णांची बाटली आडवी कापली. दोन भिंतींच्या मध्ये पिवळा फोम. ठासून भरलेला. हवा काढायचा प्रश्नच नाही, हवेला जागाच नव्हती.

पुरवठादाराचे जुने कागद काढले. तीन वर्षांपूर्वी त्याने कारखाना बदलला आणि त्याच पत्रात वर्णनही बदललं. ते पत्र फाइलला व्यवस्थित लावलेलं आहे, अण्णांची सही करून.

म्हणजे तीन वर्षं शेकडो पेट्या चुकीच्या क्रमांकावर आत आल्या. साध्या पोलादी भांड्याला जकात जास्त आहे. आणि यंत्रणेने मला सांगितलं होतं. एकसष्ट टक्के खात्रीने का होईना, पण खरं सांगितलं होतं.

गुरुवार, २० मार्च

सांगितलं. प्रस्तावना वगैरे केली नाही, दोन तुकडे त्यांच्या दोन हातांत दिले.

अण्णांनी बोटाने फोम दाबला. कडेने अंगठा फिरवला. बराच वेळ. मग म्हणाले, "माझी बाटली कापायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

"मग कापलीस का?"

"तुम्हीच म्हणता ना, हातात घेतल्याशिवाय नाही. ती तीन वर्षं रोज हातात घेत होता, अण्णा."

बोलले आणि जीभ चावली. सासऱ्यांना असं कुणी बोलतं का? ते उठले, चाचपडत बाहेरच्या खोलीत गेले आणि दिवसभर आत फिरकले नाहीत. मी एकटीने पंचवीस वस्तू केल्या. सगळ्या दोनदा उघडून बघितल्या.

शुक्रवार, २१ मार्च

चौकोनीला सांगणं भागच होतं. तो आला, तुकडे बघितले, चष्मा पुसला. "ताई, सोपं आहे. आजपासून क्रमांक बदलू. यंत्रणेत जुनं काही दिसत नाही. मागे कोण बघतंय? तुम्ही कस्टमला पत्र दिलंत तर आमच्या मोठ्या बाई भडकतील. आणि खरं सांगू? मग तुमचं काम राहील याची मी खात्री देऊ शकत नाही."

"किती टक्के?" मी विचारलं. माझ्या जिभेला हाड नाही.

तो बिचारा खरंच विचार करून म्हणाला, "तीस."

अण्णा बाहेरच्या खोलीत होते. दार उघडं होतं. ऑफिस राहावं म्हणून मी आले, आणि आता मीच ते बुडवायला बसलेय. गप्प बसले तर काम राहतं, चौतीस वर्षांचं नाव राहतं. आणि माझं काय जातं? मी तर चार आठवड्यांची पाहुणी. पण गप्प बसवत नाही. वाचनालयात एखादं पुस्तक चुकीच्या फळीवर गेलं की ते हरवल्यातच जमा, कारण कुणी तिथे शोधायला जात नाही.

शनिवार, २२ मार्च

सकाळी अण्णा स्वयंपाकघरात आले. सासूबाई पाव भाजत होत्या, मी अंडी फोडत होते. अण्णा मध्ये उभे राहिले आणि घसा साफ करून म्हणाले, "चहा उकळलेला असायचा."

सासूबाईंनी वळूनही बघितलं नाही. "कधीचा?"

"तीन वर्षांचा."

"सगळा?"

"सगळा. माझी चूक झाली."

सासूबाईंनी पाव उलटला. खांदे हलत होते, म्हणून मला वाटलं रडतायत. हसत होत्या! "अहो, चौतीस वर्षं जगाच्या वस्तू ओळखता आणि स्वतःची बाटली ओळखता आली नाही? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच." मग अण्णाही हसले, आणि मी अंड्यात टरफल पाडलं.

नाश्ता झाल्यावर म्हणाले, "कागद घे, सूनबाई. कस्टमला पत्र." मी लिहिलं, "आमच्या कार्यालयाकडून चूक झाली." ते म्हणाले, "कार्यालय कधी चूक करतं का? ते खुर्च्या-टेबलं असतं. खोड ते. लिही, माझ्याकडून."

सोमवारी कंपनीला एक प्रत आणि कस्टमला एक.

मंगळवार, २५ मार्च

मोठ्या बाई फोनवर भडकल्या. मी फोन कानापासून वीतभर लांब धरला होता, तरी सगळं ऐकू आलं. शेवटी म्हणाल्या, कस्टमचं उत्तर येऊ द्या, मग तुमचं बघते.

कहर म्हणजे शाळेचं पत्र आलं. मला घेतलंय! एप्रिलपासून या. मुख्याध्यापिकांनी खाली हाताने लिहिलंय की मिऱ्याच्या चक्कीची गोष्ट त्यांनी घरी सगळ्यांना सांगितली. नवरा म्हणाला, अभिनंदन. मी म्हटलं, हो ना. उद्या कळवते त्यांना.

नऊशे ऐंशी झाल्या.

गुरुवार, २७ मार्च

कस्टमने बोलावलं होतं. अण्णांनी नवा शर्ट घातला, वर काळा चष्मा. मी बाटलीचे तुकडे पिशवीत घेतले. तिथल्या अधिकारी बाई अण्णांना वर्षानुवर्षं ओळखतात. त्यांनी अर्धी बाटली उचलली, फोम बघितला, वासही घेतला.

"आम्ही तीन वर्षांत चार वेळा पेटी उघडून बघितली," त्या म्हणाल्या. "झाकण उघडून आतही बघितलं. कापायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. कुणी कापली?"

"सूनबाईंनी," अण्णा म्हणाले. पहिल्यांदाच मला अहो-जाहो.

निकाल असा: कंपनीने जकातीतला फरक भरायचा. स्वतःहून आलात म्हणून दंड नाही. अण्णा उठता उठता म्हणाले, "म्हणजे चौतीस वर्षांत माझा पहिला क्रमांक फिरवलात तुम्ही."

"मी कुठे फिरवला?" बाई म्हणाल्या. "तुम्हीच फिरवलात."

अण्णा कठडा धरून पायऱ्या उतरले. खाली आल्यावर म्हणाले, "बाई हुशार आहे. आमच्याकडे असायला हवी होती."

शाळेला कळवलं, येणं जमणार नाही. कारण विचारलं, ते काही मला नीट सांगता येईना. इतक्या वस्तूंची कारणं लिहिली आणि स्वतःचं दोन ओळींतही जमेना! यादी अर्धी टाकून जाणं बरं दिसत नाही, असं काहीसं पुटपुटले. नवरा ऐकत होता. म्हणाला, "यादी तर सोमवारी संपतेय." त्याला या धंद्यातलं खरंच काही कळत नाही.

सोमवार, ३१ मार्च

अकराशे चाळीस. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी शेवटची वस्तू भरली, दाराला लावायचा लाकडी अडसर. काही खास नव्हता, पण मी त्याच्याशी हात मिळवला.

सकाळीच मोठ्या बाईंचा निरोप आला होता. काम आपल्याकडेच राहणार. फक्त अट अशी की यापुढे प्रत्येक नव्या लॉटमधली एक वस्तू उघडून, लागली तर कापून बघायची आणि तसं लिहून द्यायचं. चौकोनी फोनवर म्हणाला, "ताई, माझे तीस टक्के चुकले." मी म्हटलं, काही हरकत नाही, आमचे शंभर टक्केही चुकले होते.

पाठवण्याआधी एकदा यादी वरून खाली बघितली. प्रत्येक वस्तूसमोर "वर्गीकरण कुणी केलं" असा रकाना आहे. तिथे मी सगळीकडे अण्णांचं नाव घातलं होतं. आज बघते तर सगळीकडे माझं नाव. पहिलं ते बदक, मी. साबणदाणी, मी. मला वाटलं यंत्रणा बिघडली. घाईघाईने खाली गेले. चारशे पाच, मी. चारशे सहा, मी. चारशे सात, अण्णा. चारशे आठ, पुन्हा मी.

चौकोनीला फोन लावला. तो म्हणाला, "काकांनीच करायला सांगितलं. शनिवारी."

मी तशीच बाहेरच्या खोलीत गेले आणि अण्णांवर चक्क ओरडले. "क्रमांक तुम्ही दिलेत आणि नाव माझं?"

"क्रमांक मला पाठ होते," अण्णा शांतपणे म्हणाले. "तेच का, हे चौतीस वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. कारणं तू लिहिलीस, वर्गीकरण तुझं."

"मग चारशे सात पण माझ्या नावावर करा. यंत्रणेला अमान्य मी केलं होतं. बाटली कापलीही मीच."

"ते होणार नाही."

"का?"

"तू एक आठवडा चुकलीस, मी तीन वर्षं," अण्णा म्हणाले. "चौतीस वर्षांत माझ्या हक्काची एकच चूक सापडली आहे, सूनबाई. ती तरी माझ्या नावावर राहू दे."

मी आत आले, चारशे सातची ओळ पुन्हा काढली. मग ती ओळ तशीच ठेवून यादी पाठवून दिली.